चंडीगडच्या सुया आणि माझी न गेलेली आठी

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीनं, मुग्धानं, आमच्या घरच्या ग्रुपवर एक जाहिरात टाकली. उन्हाळ्यात सुकलेल्या, वय दिसू लागलेल्या त्वचेवर नैसर्गिक उपाय : चेहऱ्याचं अ‍ॅक्युपंक्चर. खाली तिनं लिहिलं होतं, "आईला वाढदिवसाला हेच देऊ या." लगेच तिच्या बाबांचं, म्हणजे माझ्या दाजींचं उत्तर आलं, "तिचं झालंय करून. इकडे माझा पाय कापत होते आणि तिकडे बाईसाहेब चंडीगडला तोंडाला सुया टोचून घेत होत्या." त्याखाली हसून हसून रडणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली.

हा विनोद मी पस्तीसएक वर्षं ऐकते आहे. लग्नांत, बारशांत, दाजींच्या पलटणीच्या स्नेहसंमेलनात, सगळीकडे. ताई दर वेळी हसते. या वेळी मात्र माझं डोकं फिरलं, कारण त्या दिवशी मी तिच्याशेजारी होते आणि सुया मलाही टोचल्या होत्या. एरवी या ब्लॉगवर मी गेल्या महिन्यात कुठे गेले ते लिहिते. आज तो जुना प्रवास लिहिते.

पंजाबातल्या दहशतवादाची ती वर्षं. मी साताऱ्याला शाळेत शिकवत होते. दाजी सैन्यात मेजर, सीमेवर तैनात. ताई आणि लहानगी मुग्धा चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत, नवरे सीमेवर असलेल्या कुटुंबांच्या क्वार्टर्समध्ये राहायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत ये, असं ताईनं लिहिलं आणि आमच्या घरात कल्लोळ झाला. या दिवसांत पंजाबात कोणी जातं का, असं आई, काका आणि शेजारच्या वकिलीणबाई सगळ्यांनी मला ऐकवलं. ताई तिथं एकटी वर्षभर राहते आहे, तिचं काय, हे एकानंही विचारलं नाही. त्या रागातच मी तिकीट काढलं.

पुण्याहून झेलम एक्सप्रेस आणि अंबाल्याला उतरून पुढे बस, हा तेव्हाचा मार्ग. आजही हा पर्याय वाईट नाही, फक्त मे महिन्यात स्लीपरनं जाऊ नका. भोपाळच्या पुढे खिडकीतून येणारी हवा सोसवत नाही. ओला पंचा डोक्यावर घेऊन मी दोन रात्री काढल्या आणि अंबाल्याला उतरले तेव्हा आरशात मला माझी मावशी दिसली. स्टेशनबाहेर आलूचे पराठे, वर पांढरं लोणी आणि कुल्हडमधला चहा. त्याची चव मात्र अजून तोंडात आहे.

बसमध्ये कंडक्टरनं आधी सूचना दिली की सीटखाली बेवारस ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावू नका, आत बॉम्ब असतो. डेरा बस्सीच्या अलीकडे नाका होता. वाळूची पोती, बंदुका, आणि सगळ्यांनी खाली उतरायचं. माझ्या बॅगेकडे कोणी बघितलंही नाही. माझ्याशेजारच्या म्हाताऱ्या सरदारजींचा डबा मात्र उघडायला लावला आणि आतल्या पिन्नीच्या लाडवांत काठी खुपसून पाहिली. मी शिपायाला हिंदीत काहीतरी बोलणार, तर आजोबांनीच मला हातानं थांबवलं. "रहन दे पुत्तर, रोज दा कम्म ए," ते म्हणाले आणि बसमध्ये बसल्यावर त्यांनी त्यातलाच एक लाडू मला दिला. मी तो खाल्ला, पण अपमान त्यांचा झाला होता आणि लाज मला वाटत होती.

सेक्टर १७ च्या स्टँडवर ताई घ्यायला आली होती. (आता लांबच्या बऱ्याच गाड्या सेक्टर ४३ ला थांबतात, आधी विचारून घ्या.) रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना बहावा पिवळाधमक फुललेला आणि माणसं दिवेलागणीच्या आत घरी पोचायच्या घाईत. ताईला बघून मी दचकले. पस्तिशीची माझी बहीण, दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग, ओठांच्या कडेला रेघा, डोळ्यांखाली काळं. उन्हानं झालंय, असं ती म्हणाली. ऊन होतंच. पण टेलिफोन वाजला की ती हातातलं काम टाकून पळायची आणि फोन दुसऱ्या कोणाचा निघाला की तिथंच भिंतीला टेकून उभी राहायची. ते उन्हानं होत नाही.

छावणीत एक रीत होती, तीही तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितली. वाईट बातमी फोनवर येत नाही. पलटणीच्या कर्नलसाहेबांची बायको आणखी दोघीजणींना घेऊन घरी येते. त्यामुळे सकाळच्या वेळी त्या मिसेस भल्लांची गाडी क्वार्टर्समध्ये शिरली की प्रत्येक खिडकीचा पडदा हलायचा आणि गाडी पुढे गेली की ज्या वाचल्या त्या देवापुढे दिवा लावायच्या. हे ऐकून मी संतापले. ही काय पद्धत झाली, असं मी म्हटलं. ताई म्हणाली, दुसरी पद्धत सांग.

पहिला आठवडा छान गेला. सकाळी ऊन चढायच्या आत सुखना तलावावर फेरी, दुपारी कूलरपुढे वाळ्याच्या वासात झोप, संध्याकाळी छोले-कुलचे. मुग्धाशी मी मराठीत बोलायचे आणि ती मला हिंदीत उत्तरं द्यायची.

मग एका सकाळी मिसेस भल्लांचा फोन आला. ताईनं रिसीव्हर घट्ट धरला, पण पलीकडून आवाज अगदी हसरा होता. सेक्टर ११ मध्ये एक डॉक्टरीणबाई चेहऱ्याला सुया लावून उन्हाचे डाग आणि सुरकुत्या घालवतात, ना क्रीम ना औषध, आज तुम्हा दोघी बहिणींना मी नेते, मेजरसाहेब सुट्टीवर येतील तेव्हा ओळखणार नाहीत. ताईला जायचं नव्हतं. पण कर्नलीणबाईंना नाही म्हणायची पद्धत नव्हती. मुग्धाला शेजारी ठेवलं. गाडी छावणीतून निघाली आणि लष्करी इस्पितळाच्या गेटसमोरून शहराकडे गेली. मिसेस भल्ला त्या वेळी ताईला दुसऱ्या बाजूची कसली तरी झाडं दाखवत होत्या.

आता सुयांबद्दल, कारण मुग्धासारखे अनेकजण ते वाचायलाच इथं येतील. डॉ. जसबीर यांचा दवाखाना त्यांच्या कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, पुढच्या खोलीत होता. केसाएवढ्या बारीक सुया, स्टीलच्या भांड्यात उकळलेल्या. (आज जाल तर सुया नव्या, सीलबंद आणि एकदाच वापरायच्या आहेत ना, ते डोळ्यांनी बघा.) त्यांचं म्हणणं असं की उन्हाळ्यात कातडी आतून कोरडी पडते, सुईनं तिथं रक्त खेचलं जातं आणि शरीर आपली डागडुजी आपण करतं. वर भरपूर पाणी, बडीशेपेचं सरबत आणि दुपारी उन्हात फिरायचं नाही. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग चेहरा कोमट आणि जड होतो. दोन दिवस आम्ही दोघी गुलाबी दिसलो, हे खरं. ताईचे डाग तसेच राहिले, हेही खरं. एका खेपेत काही होत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. दुसरी खेप झालीच नाही.

माझ्या दोन भुवयांमधली आठी बघून डॉक्टरीणबाईंनी तिथं जरा खोल सुई लावली. "हस्सणा नईं, बोलणा नईं, ते गुस्सा बिलकुल नईं," असं बजावून त्या बाहेर गेल्या. चेहरा हलवायचा नाही म्हणजे नाही. आम्ही दोघी छताकडे बघत पडून राहिलो. मिसेस भल्लांनी स्वतः सुया लावून घेतल्या नव्हत्या. त्या बाहेरच्या खोलीत फोनपाशी बसल्या होत्या आणि दवाखान्याचा फोन त्याच उचलत होत्या. दर वेळी त्यांचा आवाज खाली जायचा. सांगितलेली वेळ उलटून गेली तरी सुया निघेनात. ताई ओठ न हलवता म्हणाली, मुग्धा वाट बघत असेल. सुया निघाल्यावर मिसेस भल्लांनी शिकंजी, म्हणजे लिंबाचं सरबत मागवलं, ते संपल्यावर आणखी एकदा मागवलं. पैसे त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत.

परतताना गाडी क्वार्टर्सकडे न जाता इस्पितळाच्या गेटातून आत वळली. ताईनं माझा हात धरला.

"शैला, मेजर साहब अंदर हैं," मिसेस भल्ला ताईला म्हणाल्या. "ज़िंदा हैं. ऑपरेशन हो गया."

सीमेजवळ रात्री दाजींची जीप सुरुंगावरून गेली होती. पहाटे त्यांना हेलिकॉप्टरनं आणलं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ऑपरेशनला नेईपर्यंत ते पूर्ण शुद्धीवर होते, हे नर्सनं सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं की सकाळी आम्ही त्या गेटसमोरून गेलो तेव्हा हा माणूस आत जागा होता. बायको त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होती आणि तिला गाडीत घालून उलट्या दिशेला नेलं होतं. मी व्हरांड्यात मिसेस भल्लांसमोर उभी राहिले. आवाज चढला होता, येणारे-जाणारे बघत होते.

"तुम्हाला सकाळी माहीत होतं?" हे मी चक्क मराठीत विचारलं.

त्यांना कळलं. "हां. पता था," त्या म्हणाल्या. चहाचा थर्मास बाकावर ठेवून त्या निघून गेल्या. तो चहा मी कुंडीत ओतला.

संध्याकाळी दाजींनी डोळे उघडले. ताई वाकून बघत होती, चेहरा त्या सुयांनी अजून तुकतुकीत. "काय छान दिसतेयस," ते म्हणाले. ती रडत रडत म्हणाली, सुया लावून घेतल्या. हा विनोद जन्मला तो तिथं. त्यानंतर ताई मिसेस भल्लांशी कधीही बोलली नाही. त्यांची बदली झाली तेव्हाच्या निरोपसमारंभाला मुद्दाम गेली नाही. मी सुट्टी संपवून साताऱ्याला परतले ती एक फुलकारीची ओढणी, डबाभर पिन्नी आणि त्या बाईवरचा राग घेऊन. ओढणी विरली, राग टिकला.

तर गेल्या आठवड्यात ते पिवळे चेहरे बघून मी दाजींना फोन लावला. म्हटलं, आता पुरे. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या बाईनं तिला फसवून नेलं, आणि तुम्ही पस्तीस वर्षं तिलाच हसताय.

आधी पलीकडे खोलीचं दार लावल्याचा आवाज आला.

"भल्ला मॅडमना मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "पहाटे त्या आल्या तेव्हा. म्हटलं, शैलाला दोन-चार तास कुठंतरी गुंतवा. पाय काढायच्या कागदावर सही करताना तिचा चेहरा मला समोर नको होता. आणि माझं नाव सांगू नका, असं वचन घेतलं."

मला राग आवरेना. मग तो विनोद कशासाठी, असं मी विचारलं. ते म्हणाले, खरं सांगितलं असतं तर तिनं माफ केलं नसतं. विनोद केला की ती हसते, आणि हसली की त्यांना बरं वाटतं. म्हणजे स्वतःचं ओझं यांनी इतकी वर्षं तिच्या चेहऱ्यावर ठेवलं आणि वर टाळ्या घेतल्या. दाजी माझे फार लाडके आहेत आणि हे मी त्यांना जसंच्या तसं ऐकवलं. आजच्या आज ताईला सांगा, नाहीतर मी ब्लॉगवर लिहिते, अशी धमकीही दिली.

"लिही तू," ते म्हणाले. "मला तोंडानं जमायचं नाही."

मी लिहिलं, पण इथं टाकण्याआधी त्यांनाच पाठवलं आणि अट घातली की ताईसमोर बसून मोठ्यानं वाचायचं. भल्लाबाईंनी त्यांचं ऐकायला नको होतं, असं मला अजूनही वाटतं. पण वचन दिल्यावर शिव्या, अबोला, कुंडीतला चहा, सगळं त्या बाईनं मुकाट घेतलं आणि दाजींचं नाव कधी उच्चारलं नाही. ग्रुपवर हसणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

काल ताईचा फोन आला. ग्रुपवरचा तो विनोद दाजींनी पुसून टाकला होता, हे मी आधीच पाहिलं होतं. वाचलं का त्यांनी, असं मी विचारलं. वाचलं, म्हणाली. पाणी प्यायला दोनदा थांबले, पण शेवटपर्यंत वाचलं. ती शांत होती. मुग्धाला सांग, त्या सुया तुझ्या बाबांना टोच, असंही म्हणाली. मग तिनं विचारलं की भल्ला मॅडम आता कुठे असतील. पंचकुल्याला घर बांधणार होत्या, एवढंच मला आठवत होतं. त्या ऐंशीला टेकल्या असतील ताई, मी म्हटलं, आहेत की नाहीत तेही माहीत नाही.

"तिथं जाऊन विचारू," ताई म्हणाली. "झेलमची तिकिटं काढ. दोनच काढ. ह्यांना बसू दे घरी फोनपाशी."