तळ्याकाठच्या अडीच दिवसांचं वेळापत्रक

दातांच्या लॅबमध्ये त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. सत्तावीस वर्षं त्या कवळ्या करत होत्या. दवाखान्यांतून बोळक्या तोंडांचे प्लास्टरचे साचे यायचे, आणि बाई गुलाबी मेणात एकेक दात असा बसवायच्या, की हसताना त्या माणसाला आपलं हसू उसनं वाटू नये. माणूस कधी दिसायचा नाही. दिसायचा तो फक्त त्याचा जबडा. पण अर्ध्या मिलिमीटरची चूक बाईंच्या नजरेतून सुटायची नाही. लॅबचा मालकसुद्धा त्यांच्या टेबलाजवळ आला की आवाज खाली आणायचा.

घरी मात्र बाईंचं काही चालायचं नाही. घर चालायचं ते यजमानांच्या वेळापत्रकावर. बस डेपोत त्यांनी जन्मभर गाड्यांची वेळापत्रकं आखली होती. तिथे त्यांना 'टाइमटेबल' असंच नाव पडलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर ते नाव त्यांच्या मागोमाग घरी आलं. दूध किती वाजता तापवायचं, गच्चीवरचे कपडे किती वाजता काढायचे, सगळं कागदावर. पाहुणे आले तरी ते आधी घड्याळाकडे बघायचे, मग पाहुण्यांकडे.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या गेल्या. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहा ते दहा डायलिसिस. दिवसभरात सगळं मिळून एक लिटर पाणी, चहासुद्धा त्यातच धरायचा. बाईंनी एका बाटलीवर रेघा मारून ठेवल्या होत्या. संध्याकाळी बाटली तळाशी आली की टाइमटेबल जीभ टाळ्याला लावून बसायचे आणि विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, विचार करतोय."

अशा माणसाने तळ्याकाठी सुट्टीला जायचं मनात घेतलं.

शेजारच्या मशीनवर झोपणाऱ्या एका रंगाऱ्याने त्यांना त्या रिसॉर्टबद्दल सांगितलं होतं. डोंगरांच्या आत मोठं तळं, पलीकडच्या काठाला दहा-बारा लाकडी खोल्या, रस्ता अलीकडेच संपतो, पुढे लाँचनेच जायचं. त्याच उन्हाळ्यात परदेशातली लेक तीन वर्षांनी येणार होती, बरोबर नऊ वर्षांची नात. नात एका जागी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

"अहो, मशीनचं काय?" बाईंनी विचारलं.

"शनिवारी दहाला मशीन संपतं. अकराला गाडी. साडेचारला धक्का, पाचची लाँच. रविवार अख्खा आपला. सोमवारी सकाळी निघायचं, मंगळवारी सहाला मी बेडवर हजर." त्यांनी आखलेला कागद पुढे सरकवला. "कुठे अडलं, सांग."

बाईंना कागदात अडलेलं काही सापडेना. अडलं होतं ते कागदाबाहेर. गाडी बंद पडली तर? वाटेत दम लागला तर? पण तीन वर्षांत त्या माणसाने काही मागितलं नव्हतं, साधी भाजीची फर्माईशसुद्धा नाही. "डॉक्टरांना विचारून घेऊ," बाई म्हणाल्या.

डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग कागद बघून हसले, मग खाण्यापिण्याच्या सतरा अटी घालून हो म्हणाले. रिसॉर्टच्या मॅनेजरला फोन लागायचा तो तीन-चार दिवसांनी एकदा. तिथला बिनतारी फोन जनरेटर चालू असेल तेवढाच वेळ चालायचा, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. मोबाईलला रेंज नाहीच. मॅनेजर प्रत्येक प्रश्नाला "होईल, बघू" म्हणायचा. खोली धक्क्याजवळची मिळेल का? होईल, बघू. जेवणात मीठ कमी? होईल, बघू. टाइमटेबल फोन ठेवून म्हणायचे, "हा माणूस माझ्या डेपोत असता तर दोन दिवसांत सरळ केला असता."

लेक आली, भिंगरी आली, घर भरलं. भिंगरीला आजोबांचं वेळापत्रक फार आवडलं. तिने ते सुबक अक्षरात उतरवून फ्रिजवर लावलं. त्यात रविवारचं पान सगळ्यांत मोठं होतं. साडेसातला व्हरांड्यात चहा, नऊला होडी, बाराला जेवण. 'चार ते पाच: आजोबा पाण्यात पाय सोडून बसतील. इतरांनी प्रश्न विचारू नयेत.'

यजमानांच्या डाव्या मनगटापाशी शिरा जोडून डॉक्टरांनी एक जागा केली होती, तिथेच मशीनच्या सुया टोचायच्या. त्या जागेवर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरावं तशी थरथर लागायची. ती थरथर चालू आहे ना, हे रोज तपासायचं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळच्या चहाआधी बाई तिथे दोन बोटं ठेवायच्या. ती सवयच होऊन गेली होती, गॅस बंद आहे ना बघण्यासारखी.

निघायच्या दोन दिवस आधी, गुरुवारी पहाटे, बाईंनी बोटं ठेवली आणि त्यांना काहीच लागलं नाही. त्यांनी बोटं जरा वर सरकवली. मग खाली. प्लास्टरवरचा केसाएवढा उंचवटा ओळखणारी बोटं ती, पण त्यांना त्या दिवशी नुसती कातडी लागत होती.

"काय झालं?" यजमानांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही जरा दुसरा हात द्या." त्यांना वाटलं, आपण भलत्याच हाताला बोट लावलं असेल.

इस्पितळात निदान व्हायला दहा मिनिटं लागली. आत गुठळी झाली होती. दुपारी ती काढायचा प्रयत्न झाला, जमलं नाही. मग मानेत तात्पुरती नळी घातली, त्या दिवशीचं मशीन तिच्यावरून झालं. सर्जन म्हणाले, "शनिवारी पुन्हा मशीन, सोमवारी दुसऱ्या हाताला नवी जागा करू. तोवर इथेच."

बाई खुर्चीत बसल्या होत्या. मानेला पट्ट्या लावलेले टाइमटेबल छताकडे बघत होते.

"तुम्ही तिघी जा," ते म्हणाले.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"पोरगी बुधवारी परत जाणार. तिची रजा संपते. भिंगरीने महिनाभर त्या कागदाची पारायणं केलीत."

"मी नाही जात. लेकीला आणि नातीला पाठवा."

"मग त्याही जाणार नाहीत. मला माहीत नाही का." त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळेना, म्हणून डोळे तेवढे वळवले. "भाऊ येतोय माझ्याजवळ. तू इथे बसून काय करणार आहेस? नळी धरून बसणार आहेस?"

बाई इथे बसून खरंच काहीच करणार नव्हत्या. पण तेच त्यांना करायचं होतं. हे सांगायचं कसं, हे त्यांना सुचेना. शुक्रवारी दिवसभर त्यांनी वाद घातला, आणि दिवसभर ते एकच करत राहिले, डोळे मिटून झोपल्याचं सोंग. शेवटी धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, जाऊन या. नाहीतर हा जेवणार नाही. सकाळपासून ताटाला हात लावलेला नाही त्याने."

शनिवारी अकराला गाडी सुटली. त्यांच्या कागदाप्रमाणेच.

लाँच मात्र सव्वासहाला आली. धक्क्यावर सव्वा तास उभं राहून भिंगरीने वेळापत्रकात तांबड्या पेनाने दुरुस्ती केली, आजोबांना दाखवायला. तळं मोठं होतं, रंगाऱ्याने सांगितल्यापेक्षाही मोठं. लाँच निघाली तशी बाईंच्या मोबाईलवरची रेंजची एकेक काडी उतरत गेली. मध्यावर आल्यावर शेवटची काडी गेली. बाई फोन हातात उलटासुलटा करत बसल्या. लाँच चालवणारा म्हणाला, "ताई, आता तो पिशवीत ठेवा. पाण्यात पडला तर तेवढाच मासळीच्या कामाचा."

पोचल्यावर त्यांनी आधी ऑफिस गाठलं. जनरेटर चालू होता. मॅनेजर पस्तिशीचा, गोड, कुणाशीही भांडू न शकणारा माणूस होता. फोन लागला. पलीकडून दिरांचा आवाज तुटक तुटक आला. "मशीन झालं... झोपलाय... ताप आहे थोडा..."

"किती ताप?"

"...काळजी करू..." आणि लाइन गेली.

पुन्हा लावला, लागला नाही. पुन्हा लावला. मग दिवे मिणमिणले आणि जनरेटर बंद झाला.

"सकाळी लागेल?" बाईंनी विचारलं.

"होईल, बघू," मॅनेजर म्हणाला.

रविवारी सकाळी जनरेटर चालू झाला, पण फोन मुका. टॉवरकडे काहीतरी गेलंय, असं मॅनेजर म्हणाला. कुठला टॉवर, कुणाकडे दुरुस्ती, त्याला ठाऊक नव्हतं. बाईंनी लाँचची चौकशी केली. रविवारी लाँच नाही. दुसरी एखादी होडी? आहे, पण वल्ह्याची, वारा सुटलाय, कुणी नेणार नाही. बाई म्हणाल्या, "अहो, माझे यजमान इस्पितळात आहेत. मानेत नळी आहे आणि ताप आलाय." मॅनेजरचा चेहरा रडवेला झाला. त्याने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, पंखा सुरू केला, चहा मागवला. जे त्याच्या हातात होतं ते सगळं त्याने केलं.

"आई, काका आहेत ना तिथे. डॉक्टर आहेत," लेक म्हणाली. "नळीमुळे ताप येतो कधीकधी, औषध देतात."

"येतो ना?"

"येतो."

लेकीलाही यातलं काही कळत नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

भिंगरीने मात्र कागद सोडला नाही. साडेसातला चहा, नऊला होडी. होडी वाऱ्यामुळे रद्द, तिथे तांबडी रेघ. बाराला जेवण. बाई ताटावर बसल्या, उठल्या. समोर काय होतं तेही त्यांनी पाहिलं नाही. जनरेटर बंद असला तरी अख्ख्या दिवसात त्या ऑफिसात नऊ वेळा जाऊन आल्या. शेवटी शेवटी मॅनेजर त्यांना येताना बघून रिसीव्हर आपणच कानाला लावायचा आणि मान हलवायचा, म्हणजे त्यांना पायऱ्या चढाव्या लागू नयेत.

चारला भिंगरी समोर येऊन उभी राहिली. "आजी, चार ते पाच कोण बसणार?"

"कुणी नाही, बाळा."

"पण लिहिलंय."

बाई धक्क्यावर गेल्या, चपला काढल्या आणि पाण्यात पाय सोडून बसल्या. भिंगरी शेजारी बसली आणि तासभर एक प्रश्न विचारला नाही. वारा उलट्या दिशेने वाहत होता, पाणी काठापासून पलीकडे जात होतं. पलीकडे रस्ता, रस्त्याच्या टोकाला सहा तासांवर इस्पितळ. बाई मनातल्या मनात वॉर्ड बघत होत्या. पाचला औषधं. सव्वापाचला नर्स बदलते. ताप मोजला असेल. मोजला नसेल. लॅबमध्ये काही चुकलं तर मेण तापवून पुन्हा बसवता येतं. इथे हात नुसते मांडीवर पडून होते.

सोमवारी सकाळची लाँच वेळेवर सुटली. मध्यावर फोनला पहिली काडी आली आणि एका दमात चार निरोप वाजले, सगळे दिरांचे. ताप वाढला. नळीतून जंतू गेलेत. नळी बदलली, सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकललं. चौथा निरोप रविवारी संध्याकाळचा होता: 'आता बरा आहे, तुम्हाला काही कळवू नको म्हणतोय.' बाईंनी तो तीन वेळा वाचला आणि मग लाँचची कड धरून बसल्या.

इस्पितळात पोचल्या तेव्हा टाइमटेबल उशीला टेकून बसले होते. दोन दिवसांत गालफडं बसली होती. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग भिंगरीकडे हात पुढे केला. तिने कागद दिला. त्यांनी तांबड्या दुरुस्त्या एकेक करून वाचल्या.

"सव्वा तास उशीर?" त्यांनी विचारलं. "आणि कारण काय दिलं?"

"दिलंच नाही," भिंगरी म्हणाली.

"हे बरोबर नाही." ते खरोखर चिडले होते. बाईंना रडू येत होतं आणि हसूही, म्हणून त्या पाणी भरायच्या निमित्ताने बाहेर गेल्या.

बुधवारी लेक आणि नात गेल्या. पुढच्या आठवड्यात उजव्या हाताला नवी जागा केली. ती तयार व्हायला सहा आठवडे, तोवर मानेत नळी. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "यापुढे तासाभराच्या पलीकडे कुठे जायचं नाही. एकदा जीवावरचं टळलंय." टाइमटेबलनी सूचनांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

टॅक्सीत बराच वेळ ते खिडकीतून बघत होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला पोहता येतं का गं?"

लग्नाच्या चौतीस वर्षांत हा प्रश्न कधी निघाला नव्हता.

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग लाँचमध्ये घाबरली असशील."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मानेवरची पट्टी एका कडेने सुटत आली होती, ती त्यांनी अंगठ्याने दाबून बसवली.

"हो," त्या म्हणाल्या. "खूप घाबरले."

"मला सांगायचं ना आधी. मी नसतं पाठवलं," ते म्हणाले, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.