संगमावरचा हललेला फोटो

ओल्या भस्माचा वास आला की गाणगापूरच्या संगमावरची ती पहाट आठवते. आईला विसरायचा आजार जडला होता, म्हणून हुमनाबादहून तिला दर्शनाला आणलं होतं. मोबाईल न हलवता पंधरा-वीस सेकंदांचा एकच फोटो घेतला की वाहतं पाणी दुधासारखं दिसतं, हे मी नुकतंच शिकलो होतो. आईला फोटोत येईल अशी पुढच्या पायरीवर बसवलं, "हलू नको बरं," म्हणालो आणि मोबाईल दगडाला टेकवून फोटोमागून फोटो काढत राहिलो. मान वर केली तर पायरी रिकामी. हाका मारत रिक्षांपर्यंत पळालो. नारळवालीला विचारलं, "अक्का, हिरव्या लुगड्यातली म्हातारी बघितलाव का?" ती म्हणाली, "न्हाई रे अण्णा, इतक्या मान्सांत कसं ध्यान ऱ्हाईल?" काहीच सुचेना म्हणून शेवटचा फोटो उघडला. त्यात हलणारी माणसं पुसली गेली होती, पण पायरीपासून एक फिकट हिरवा पट्टा खाली, थेट पाण्याकडं गेला होता. रडत, घसरत काठाकाठानं धावलो. झुडपांपलीकडं ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. मला बघून ओरडली, "कुठं गेल्तास रे? मी कवाची हुडकायलेय तुला!" आता मी एकाच हातानं फोटो काढतो, कारण दुसऱ्या हातात तिचा हात असतो, आणि माझे सगळे फोटो हललेले येतात.