दार उघडं ठेवून

बारामतीच्या शाळेत मी वर्गावर होते. आमच्या गावाहून, कन्हेरीहून सायकल मारत आलेला शेजारी दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, दत्ताला पाण्यानं नेलं." त्याला महिना होऊन गेला. तेव्हापासून जो भेटतो तो हेच म्हणतो, आणि ऐकलं की माझं डोकं फिरतं. दत्ता माझा धाकटा भाऊ. त्याला पाण्यानं नेलेलं नाही.

लहानपणी मामाच्या गावी, नीरेच्या काठावरून तो डोहात बुडी मारायचा आणि वर मी रडकुंडीला यायची. पाण्यात डोळे सताड उघडे ठेवायचा. वर आला की थापा सुरू. "आक्का, खाली निराळंच गाव हाय. हिरवे दगड हायत. वासराएवढा मासा माझ्याकडं बघून हसला!" खोटारडा मेला, म्हणायची मी... आता तो शब्द तोंडातून निघत नाही.

पुढे कालव्याची मोरी तुंबली की गाव त्यालाच हाक मारू लागलं. रस्त्याखालून पाणी जातं त्या मोरीच्या तोंडाशी गवत, ओंडके अडकतात. दत्ता काठावरून उडी टाकायचा, खाली चाचपून सगळं मोकळं करायचा, आणि मग आठ दिवस बढाया मारायचा. पण रीत ठरलेली होती. आधी कालव्याचं वरचं लोखंडी दार बंद करायचं, पाणी थांबलं की मगच बुडी. नाहीतर अडकलेलं सुटताच पाणी माणसालाच मोरीत ओढतं. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं?

साखर कारखाना निघणार म्हणून सध्या ज्याला त्याला उसाचं वेड लागलंय. त्या दिवशी पाण्याची पाळी आमच्या भावकीतल्या तात्यांची होती, आणि मोरी तुंबलेली. बाजारातून परतणाऱ्या दत्ताला त्यांनी वाटेतच गाठलं. "आधी दार बंद करा," दत्ता म्हणाला. "दार बंद केलं तर माझी पाळी बुडंल की! भ्यालास व्हय?" हे मला तिथं हजर असलेल्यांनीच सांगितलं, तेही न लाजता. पाच-सहा बाप्ये उभे होते, एकाचाही पाय दाराकडे वळला नाही. दारावरचा पाटकरी बिडी ओढत बसला होता. राग मला दत्ताचाही येतो. बायकोपोरांचा धनी, आणि एका शब्दावर पेटला! सदरा काढून काठावर टाकला आणि उडी मारली...

तेराव्याला तात्या आले, पंगतीत बसले. मी वाढत होते. "देवाच्या मनात हुतं, आक्का," ते म्हणाले. माझा हात थांबला.

"तात्या, त्याला बाहेर काढायला दार बंद केलंत ना?"

"व्हय. करावंच लागलं."

"किती वेळ?"

"दुपारभर."

"मग ऊस वाळला का हो तुमचा?"

तात्या पानाकडे बघत राहिले. "न्हाय," म्हणाले. मी पुढच्या पानावर वाढायला गेले. जेवा म्हणून कुणाला आग्रह केला नाही.

परवा रविवारी मी कन्हेरीला होते. मोरी पुन्हा तुंबली होती. कुणी न सांगता पाटकऱ्यानं दार बंद केलं, आणि ती बातमी ओरडत कुणीतरी घरावरून गेलं. मी मागच्या दारी धुणं वाळत घालत होते. आत आले तर दत्ताची बायको सुमन चुलीपुढे बसलेली. तो मोरीवर गेला की त्याच्या अंघोळीसाठी ती मोठ्या हंड्यात पाणी तापवायची. तोच हंडा तिनं चुलीवर चढवला होता आणि जाळ सारत होती.

"सुमन..." मी म्हटलं.

"दार बंद केलंय, वन्सं," ती म्हणाली. "आता येत्यालच."