साहेबांच्या पार्किंगमधला मारुती

आमची गल्ली पुढे बंद होते. शेवटचं घर आमचं आणि गल्लीच्या मध्यावरचं घर साहेबांचं. ते कुणाचे साहेब होते ते मला माहीत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गेटवरच्या पाटीवर नावाखाली हुद्दा अजून आहे, आणि दर दिवाळीला तो नव्याने रंगवला जातो.

त्यांच्या घराला पोर्च आहे. दोन गाड्या सहज मावतात. पण साहेबांच्या बाईंनी तिथे गुळगुळीत टाइल्स बसवून झोपाळा टांगला, आणि टाइल्सवर चाकांची घाण नको म्हणून घरातल्या दोन्ही गाड्या रस्त्यावर आल्या. एक गेटला लागून, दुसरी समोरच्या रिकाम्या प्लॉटच्या भिंतीला लागून. मधून स्कूटर जाते, रिक्षा जात नाही. झोपाळ्यावर मात्र कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

बाकीच्यांना ही नुसती कटकट होती. माझी आई त्यापायी घरात कोंडली गेली. रोज संध्याकाळी ती गंगेवर जायची; नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. देवदेव करायला नव्हे. घाटावर बसायचं, येणारी-जाणारी माणसं बघायची, ओळखीच्या बायकांशी गप्पा मारायच्या आणि मला न सांगता भेळ खायची. मग घरातच पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, यांना बाहेर काढत राहा, नाहीतर अंथरूण धरतील. आमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत तिला एका दमात चालवत नव्हतं, आणि रिक्षा कोपऱ्यावरून आत येऊ शकत नव्हती.

मी साहेबांकडे गेले. जाताना रिक्षावाल्याला कोपऱ्यावर थांबवलं होतं आणि आईला साडी नेसवून दारात उभं केलं होतं. साहेब बनियनवर चहा पीत होते.

"एक गाडी जरा मागे घेता का? आईला बाहेर न्यायचंय."

"घेतो की मॅडम. दोन मिनिटं थांबा. घाई कसली आहे?"

मग त्यांनी चहा संपवला. पेपर संपवला. आत जाऊन दाढी केली. गाडीची किल्ली घेऊन ते बाहेर आले तोवर आई वॉकर धरून धरून दमली होती. "राहू दे," म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली. पुढे मी विचारायच्या आधीच ती "राहू दे" म्हणायला लागली. मला त्या माणसाचा राग नाही आला. राग यायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते.

दुसरी गाडी कधी बाहेर गेली की भिंतीलगतची जागा मोकळी व्हायची आणि आमची रिक्षा दारापर्यंत यायची. पण हे साहेबांना सहन होईना, कारण त्या जागेवर मधूनच दुसरं कुणी गाडी लावायचं. मग तिथे एक मोडकी खुर्ची आली. ती मी स्वतः उचलून त्यांच्या गेटात नेऊन ठेवली. मग कुंड्या आल्या, मग टायर. लोक तेही सरकवायचे. शेवटी साहेब सहकुटुंब त्र्यंबकेश्वरला जाऊन आले आणि डिकीतून एक गोल, गुळगुळीत दगड उतरला. साहेबांनी तो भिंतीशी मांडला, तेलात शेंदूर कालवून स्वतःच्या हातांनी माखला आणि हात पुसत आत गेले. शेंदूर लावलेल्या दगडाला नाशकात कुणी हात लावणार नाही, हा त्यांचा हिशेब. हिशेब अगदी बरोबर होता. तो आपल्यालाही लागू पडेल, एवढंच त्या हुद्देदार डोक्यात आलं नाही.

पहिल्याच शनिवारी कुणीतरी दगडावर तेल वाहिलं. पुढच्या शनिवारी रुईची माळ आली. हा मारुती आहे असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मग नारळ फुटायला लागले, वर पत्रा आला, आणि एक दिवस साहेब गाडी घेऊन बाहेर गेलेले असताना गल्लीतल्या लोकांनी भिंतीलगत ऐसपैस कट्टा बांधून टाकला. कट्ट्याला पोर्चमधल्या उरलेल्या टाइल्स बाईंनीच पुण्य म्हणून दिल्या. साहेब परतले तर गाडी लावायला जागा नाही. दगड उचलून नदीत सोडतो, असं ते म्हणाले तेव्हा बाईंचा आवाज आमच्या घरापर्यंत आला.

"मारुतीला हलवायचं? घरादाराचं काय होईल?"

"अगं, मीच आणलाय ना तो."

"आणलात तुम्ही. आता तो तुमचा राहिलाय का?"

झोपाळा निघाला आणि दोन्ही गाड्या पोर्चमध्ये गेल्या. पण दर्शनाला येणारे स्कूटर नेमकी साहेबांच्या गेटपुढे लावायचे. त्यामुळे रिक्षाची वाट बंदच राहिली, आणि ज्यांनी हा उद्योग केला ते साहेब वर धार्मिक म्हणून मिरवायला लागले. मला हे बघवेना. महापालिकेच्या अतिक्रमण विभागात तक्रार करते, असं मी जेवताना जाहीर केलं.

"नको," आई म्हणाली.

मी भडकलेच. "का? त्यांच्या दगडाच्या पाया पडायचंय तुला?"

"पाया कोण पडतंय? अर्ध्या वाटेत बसायला जागा झालीये."

हे मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वॉकर टेकत कट्ट्यापर्यंत गेली, बसली, दम घेतला, आणि मग उरलेली गल्ली चालून कोपऱ्यावरच्या रिक्षात चढली. घाटावर पोचल्यावर मी तोंड फिरवून रडून घेतलं. तिने भेळ मागवली, या वेळी मला सांगून.

आता हे रोजचं झालंय. परवा ती अशीच कट्ट्यावर पाय लांब करून बसली होती आणि साहेबांना गाडी पोर्चमध्ये घ्यायची होती. वळायला जागा हवी होती आणि मध्ये आईचा वॉकर होता. त्यांनी हॉर्न वाजवला. मग आणखी एकदा वाजवला. मग काच खाली करून म्हणाले, "आजी, जरा उठता का?"

"उठते की. दोन मिनिटं थांबा. घाई कसली आहे?"

मग आई सावकाश उठली, पदर सारखा केला, वॉकरला हातही न लावता कट्ट्याला टेकून उभी राहिली, आणि ज्या दगडापुढे तिने आजवर एकदाही हात जोडले नव्हते त्याच्यापुढे हात जोडून डोळे मिटले. ओठ हलायला लागले. माझ्या आईला मारुतीचं एकही स्तोत्र येत नाही. साहेबांनी गाडी बंद केली.