अक्का थांबली त्या पुलापर्यंत

माझी मोठी बहीण, अक्का, उदगीरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. मागच्या ऑगस्टमध्ये ती हैदराबादची पूर्ण मॅरेथॉन धावायला गेली. बत्तिसाव्या किलोमीटरला, एका उड्डाणपुलाच्या पायथ्याशी, मागे पडलेल्यांना गोळा करणाऱ्या बसने तिला उचललं. गुडघा दुखला, म्हणाली. पुढच्या वर्षी पूल चढणारच, असंही म्हणाली. हिवाळ्यात तिला कावीळ झाली आणि ती गेली. तो पूल ओलांडायचा, एवढ्यासाठी यंदा मी नाव नोंदवलं.

सराव गावाबाहेरच्या तळ्यावर केला. दोन वर्षं पाऊस नाही, त्यामुळे बांधावर पळून कंटाळलो की तळ्याच्या कोरड्या तळातून पळायचो. जमेल असं एकदाही वाटलं नाही.

शनिवारी सकाळी दाजींसोबत, म्हणजे अक्काच्या यजमानांसोबत, निघालो. बसने बिदर, जहीराबादमार्गे पाच-सहा तास लागतात. बिदरपर्यंत कंबर सांभाळा, पुढे रस्ता चांगला आहे. मागच्या बाकावर दोघे बोलत होते.

"उदगीर जिल्हा होऊन राहिलं म्हणतेत."

"होऊ द्या की. पण कलेक्टर आंघोळीला कुठं जाईल?"

"लातूरला."

"तिथं बी टँकरच हाय!"

दाजी हसले. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच.

नामपल्ली स्टेशनजवळच्या लॉजमध्ये दोघांना आठशे रुपयांत खोली मिळाली. तळमजल्याची मागा, परतल्यावर जिना चढवत नाही. संध्याकाळी नुसता दहीभात खाल्ला. नळाला सतत पाणी होतं. झोपण्याआधी मी दोनदा तो नीट बंद केलाय ना ते पाहिलं.

रविवारी उजाडायच्या आत हैदराबादच्या मोठ्या तलावाकाठून निघालो. डोक्यावर अक्काची टोपी होती. थोड्या थोड्या अंतरावर पाण्याच्या पेल्यांची टेबलं होती. लोक एक घोट घेत आणि भरला पेला रस्त्यावर भिरकावत. "फेको अंकल, फेको!" टेबलामागची मुलं ओरडायची. माझा हात काही होईना. आमच्याकडे आठव्या दिवशी टँकर येतो. मी प्रत्येक पेला उभं राहून तळापर्यंत संपवला. विसाव्या किलोमीटरला पोटात घागर हिंदकळत होती. तिसाव्याला उलटी झाली आणि मी दुभाजकावर बसलो. मागे लांबवर ती बस दिसत होती.

ठरल्याप्रमाणे दाजी रिक्षाने तिथे आले होते.

"पाहुणे, धावून राहिलात का टँकर घेऊन चाललात?"

मी तोंड पुसलं. त्यांचा आवाज खाली आला.

"सगळे पेले पिलात ना? तिनं बी तेच केलतं. गुडघ्याला काहीच झालं नव्हतं. शाळेतल्या पोरींसमोर लाज वाटंल, कुणाला सांगू नका म्हणून मला शपथ घातलती."

"मला तरी सांगायचं."

"शपथ होती की." त्यांनी माझ्या तळहातावर मीठ ठेवलं. "लई पाण्यानं अंगातलं मीठ उतरतं. चाटा अन् उठा."

दोन किलोमीटरवर, पुलाच्या पायथ्याशी टेबल होतं. मी एक घोट घेतला. उरलेलं रस्त्यावर टाकवेना. दुभाजकात एक वाळकं रोप होतं, त्याच्या बुडाशी ओतलं. मागे त्या बसचा हॉर्न वाजला. मी चालतच पूल चढलो. वर काहीच नव्हतं, नुसता वारा. टोपी घट्ट केली आणि धावतच उतरलो.

अडतिसाव्या किलोमीटरला बसने मला गाठलं. दार उघडलं, मी चढलो. पदक मिळालं नाही.

उदगीरला परतल्यावर दाजींनी माझा छातीवरचा नंबर अक्काच्या नंबराशेजारी, माठावरच्या खिळ्याला लावला. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेतल्या तीन मुली घरी आल्या. त्या मोठ्या झाल्यावर धावायचं म्हणतात.

"मामा, बाईंच्या पुढं गेलात?"

"गेलो. सहा किलोमीटर."

"बाईंचा गुडघा दुखला नसता तर त्या बी गेल्या असत्या."

मी दाजींकडे पाहिलं. शपथ त्यांना घातलेली होती. त्यांनी खिळ्यावरचा तिचा नंबर सरळ केला. मग म्हणाले, "सांगा. रागवंल ती. रागवू द्या. ह्यांना पुढं धावायचंय."

मी पेला हातात घेऊन सगळं सांगितलं. एकच घोट घ्यायचा, बाकीचं सोडायचं. मग सगळ्यात धाकटीने विचारलं, "पण मामा, उरलेलं कुठं वतायचं?"