रघुभाऊंच्या शेगडीवरची कोंबडी

रघुभाऊंना मी कधी पाठ टेकून बसलेलं पाहिलं नाही. आमच्या सोप्यावर ते खांबाला धरून उभ्यानंच चहा प्यायचे. मी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "वयनी, बसलेल्याक गंज धरता." पेडण्यातल्या आमच्या वाड्यावर त्यांचं घर आमच्या कुंपणाला लागूनच. शिरगावच्या खाणीवर त्यांचा ट्रक होता तेव्हा निदान दिवसभर ते बाहेर असत. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, आणि भाऊ मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवू लागले. दोन भाड्यांच्या मध्ये घरी येऊन सगळ्यांचा जीव खायचे. नळ गळत नसला तरी आवळून जायचे.

त्यांची देवखोली स्वयंपाकघराला लागून, म्हणून कोंबडी आत शिजत नसे. ती परसात, आणि रांधायची भाऊंनीच. मोरजीचं एक हॉटेल बंद होताना तिथली झाकणाची छोटी गॅस-शेगडी त्यांनी उचलून आणली. तिथल्या आचाऱ्यानं शिकवलंही होतं. पाठीचा कणा कात्रीनं कापून काढायचा, कोंबडी पुस्तकासारखी उघडायची, छातीवर तळवा दाबून सपाट करायची, जाळीवर पसरून झाकण लावायचं आणि मग हात लावायचा नाही. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं भाऊंना सुरेख जमे. शिवाय कोंबडी गावठीच हवी. ब्रॉयलरला ते कापूस म्हणत.

त्यांची एकुलती मुलगी सुजाता नर्स. तिला आयर्लंडात नोकरी लागली. जायचा दिवस रविवार, विमान संध्याकाळचं. बाबांच्या हातची कोंबडी खाऊनच निघायचं, असं तिनं ठरवलं होतं. मी पोदेराकडचे पाव घेऊन गेले, तर भाऊ शेगडीभोवती येरझाऱ्या घालत होते. कोकमाचं आगळ, आलं-लसूण आणि मिरची लावलेली कोंबडी जाळीवर पसरली होती. भाऊ झाकण लावत, जरा वेळ जात नाही तोवर उघडत, बोटानं मांडी दाबत, पुन्हा लावत. त्यांची बायको आतून ओरडून थकली. दुपार कलली तरी मांडीच्या सांध्याशी रक्त दिसत होतं.

मला राहवेना. म्हटलं, भाऊ, रोज इतक्या माणसांना वेळेत विमानतळावर सोडता, आणि एवढं कळू नये? सारखं उघडलं तर आत धग राहील कशी?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "माका म्हायत आसा, वयनी," ते हळू म्हणाले. "कोंबडी शिजली की सुजाता जातली."

सुजाता ताटं घेऊन माझ्या मागे उभी होती. तिनं ऐकलं होतं. ताटं खाली ठेवून तिनं झाकण लावलं, बाबांना धुण्याच्या दगडावर बसवलं आणि त्यांचा हात धरून शेजारी बसली.

"बाबा, आता शिजांदे," ती म्हणाली. "जावचा तर आसाच."

कोंबडी अखेर शिजली, पण चिवट झाली. बापलेक एका ताटात चघळत राहिली. भाऊंच्या बायकोनं घड्याळाकडे पाहिलं. सुजातानं पावाचा तुकडा ताटातल्या रसात बुडवून बाबांना भरवला. भाऊंनी तो खाल्ला, हात धुतले आणि टॅक्सीची चावी काढली.

"चल बाय," ते म्हणाले, "उशीर होतलो."