ताईचा चिमटा

स्वतःच्या हनुवटीला शैक्षणिक साहित्य मानणारी शिक्षिका अख्ख्या मंठ्यात एकच, ती म्हणजे माझी चुलत बहीण. आणि तिचे जुळत आलेले लग्न माझ्या एका वाक्याने मोडले, हे मी तीस वर्षे कोणाला कळू दिले नाही.

ताईच्या कंपासपेटीत कर्कटकाशेजारी चिमटा असतो. उत्तरपत्रिका तपासता तपासता ती मध्येच आरसा काढते, हनुवटीवरचा एक केस उपटते आणि गंभीरपणे म्हणते, "हा नापास." एकदा तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले असताना ती नववीच्या मुलींना सांगत होती, "पोरींनो, बाईच्या अंडाशयातबी पुरुषी संप्रेरक बनतं. थोडं सगळ्यांतच. पण मेंदूखालच्या ग्रंथीचा हुकूम जास्त आला, न् रक्तात इन्सुलिन वाढलं, की अंडाशय ओव्हरटाइम करतं. मंग पाळी लांबते, मिशा फुटतात. पाप न्हाई, शाप न्हाई." साहेबांनी चष्मा पुसत विचारले, "हे अभ्यासक्रमात आहे का?"

"अभ्यासक्रमात न्हाई साहेब, माझ्या घरात हाय."

घरात होतेच. तीस वर्षांपूर्वी तीर्थपुरीचे पाहुणे तिला बघायला आले, तेव्हा मुलाच्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारले, "हे ओठावरचं घराण्यात हाय का?" माझ्या सख्ख्या बहिणीचे लग्न अजून व्हायचे होते. मी म्हणालो, "आमच्यात न्हाई. तिच्या आईकडून आलं असंल." आमची थोरली आत्या आठवड्यातून दोनदा दार लावून चिमटा घेऊन आरशापुढे बसे, हे मला ठाऊक असताना. नकारासोबत ते वाक्यही काकूपर्यंत, म्हणजे ताईच्या आईपर्यंत, पोचले. कोणाचे, ते मात्र पोचले नाही. काकू शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिली.

यंदा माझ्या मुलीची पाळी चार महिने चुकली, हनुवटीवर राठ केस आले. डॉक्टरांकडून आम्ही थेट ताईकडे गेलो. तिने नवा चिमटा मुलीच्या हातात ठेवला. "गोळ्या बराबर घे, रोज चाल. हा सोबतीला."

"पण आत्या, हे आपल्यात आलं कुठून?"

"माझ्या आईकडून, असं म्हणत्यात लोक." ताईने खडूने फरशीवर वंशावळीच्या दोन रेघा ओढल्या, एक तिची, एक मुलीची. त्या काकूपाशी मिळेनात. मिळाल्या त्या माझ्या नि ताईच्या आजोबांपाशी. खडू तिथेच टेकवून ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे; वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाकडे बघावे तशी.

"ताई," मी म्हणालो, "पाहुण्यांना ते मीच सांगितल्तं. थोरल्या आत्याचं मला ठाऊक होतं. काकूचा काहीच दोष नव्हता, न् तुझाबी. मला माफ कर."